खाडाखोड न करणारे दप्तर



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींनी मनाशी म्हटले असेल की, हा विषय यंत्रशाळेतला. त्याचे ह्या सभेत काय काम? शंका रास्त आहे. परंतु आपली स्वतःची कागदपत्रे आज कोठे आहेत, हे क्षणभर आठवून पाहा. सात-बाराचा उतारा, बँकेतील ठेवीची नोंद, मुलाच्या परीक्षेचा निकाल, दवाखान्यातील तपासणीचा अहवाल, ह्यांपैकी बहुतेकांची नोंद आता लोखंडी कपाटात नाही. ती कोठल्या तरी दूरच्या खोलीत अहोरात्र चालणाऱ्या सर्व्हर नावाच्या संगणकात आहे. आपल्या हाती येतो तो केवळ उतारा. म्हणून ते दप्तर नाहीसे झाले तर परत कसे मिळते, आणि केव्हा मिळत नाही, हा प्रश्न यंत्रज्ञांचा जेवढा आहे तेवढाच आपलाही आहे.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर गेल्या चाळीस वर्षांत तयार झाले. त्यास 'स्नॅपशॉट' म्हणतात. शब्द मूळचा शिकाऱ्यांचा: नीट नेम न धरता झटकन झाडलेली गोळी. पुढे तो छायाचित्रकारांनी उचलला आणि त्यानंतर संगणकवाल्यांनी. आपण त्यास क्षणचित्र म्हणू. एका विशिष्ट क्षणी सगळे दप्तर जसे होते तसेच्या तसे गोठवून ठेवणे, हा त्याचा अर्थ. ही युक्ती कशी जन्मली, तिने काय साधले, आणि तिच्यावर नको तितके विसंबल्यास काय ओढवते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम जुनी रीत पाहू. संगणकाची माहिती चुंबकीय तबकड्यांवर लिहिलेली असते. तबकडी बिघडली की माहिती गेली. म्हणून रात्री कामकाज थांबले की तबकडीवरील मजकूर चुंबकीय फितीवर उतरवून घ्यावयाचा आणि फीत कपाटात ठेवावयाची, असा परिपाठ होता. आठवड्यातून एकदा सगळ्याची पूर्ण प्रत, आणि रोज रात्री तेवढ्या बदललेल्या फाइलींची प्रत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मलेल्या युनिक्स ह्या प्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'टार' नावाची आज्ञा आली. ती आजही वापरात आहे. 'टेप' आणि 'आर्काइव्ह' ह्या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले. फितीचा तो काळ नावात तेवढा शिल्लक राहिला आहे.

ही रीत चांगली होती, पण संगणकास रात्र होती तोपर्यंतच. पुढे संगणक चोवीस तास राबू लागले, तबकड्या मोठ्या झाल्या, प्रत उतरविण्यास तासच्या तास लागू लागले, आणि त्या अवधीत लिहिणारे लिहीतच राहिले. येथे एक मोठी अडचण उभी राहिली. समजा, एका पेढीची चारशे पानांची खतावणी कारकून उतरवून घेत आहे आणि दिवाणजींचे लिखाण चालूच आहे. कारकुनाने दहाव्या पानावरील रामभाऊंचे खाते उतरविले. इतक्यात दिवाणजींनी तीनशेव्या पानावरील गोविंदरावांच्या खात्यातून शंभर रुपये काढून रामभाऊंच्या खात्यात जमा केले. कारकून तीनशेव्या पानापाशी पोहोचतो तेव्हा गोविंदरावांचे शंभर रुपये कमी झालेले आहेत, आणि त्याच्या प्रतीत रामभाऊंना तर ते मिळालेलेच नाहीत. प्रत्येक पान खरे, आणि वही मात्र खोटी!

ही अडचण काल्पनिक नव्हती. एलिझाबेथ झ्विकी ह्या संगणक-व्यवस्थापक बाईंनी १९९१ साली प्रत घेणाऱ्या प्रचलित आज्ञावलींची कठोर परीक्षा घेऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले. विचित्र नावांच्या फाइली, मध्ये रिकाम्या जागा असलेल्या फाइली, प्रत चालू असतानाच बदलणाऱ्या फाइली, असे नमुने त्यांनी ह्या आज्ञावलींपुढे ठेवले. रोज ज्यांच्या भरवशावर लोक निर्धास्त झोपत होते, त्यांतील अनेक आज्ञावली कोठे ना कोठे अडखळल्या.

मग उपाय काय? दिवाणजींस थांबविता येत नाही, आणि कारकुनास पंख फुटत नाहीत. उपाय असा की, लिहिण्याची रीतच बदलावयाची. पूर्वी नोंद बदलली की जुना आकडा खोडून त्याच जागी नवा लिहीत. आता नियम केला की खाडाखोड करावयाची नाही. नोंद बदलली की नवे कोरे पान घ्यावयाचे, त्यावर नवी नोंद लिहावयाची, आणि वहीच्या अनुक्रमणिकेत जुन्या पानाऐवजी नव्या पानाचा क्रमांक घालावयाचा. अनुक्रमणिका बदलावयाची तीही अशीच, नव्या कागदावर. आता गंमत पाहा. कालची अनुक्रमणिका फेकून न देता जपून ठेवली, तर कालची सबंध वही आपल्या हाती राहते! तिची चारशे पाने उतरविण्याचे कारण नाही. जी पाने बदलली नाहीत ती कालच्या आणि आजच्या वहीत सामाईक. जागेचा खर्च तो फक्त बदललेल्या पानांचा. क्षणचित्र घेणे म्हणजे एक अनुक्रमणिका बाजूस ठेवणे. ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते, आणि दिवाणजींस त्याचा पत्ताही लागत नाही.

ह्या कल्पनेचा एक जुना आणि फार शहाणा वापर अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला. तेथे १९८० नंतरच्या दशकात विद्यापीठाने आणि आयबीएम कंपनीने मिळून हजारो विद्यार्थ्यांसाठी एक सामाईक फाइल-व्यवस्था उभारली. तिची हकिगत १९८८ साली एका शोधनिबंधातून प्रसिद्ध झाली. निबंधाच्या सात लेखकांत एम. सत्यनारायणन् हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञही होते. त्या व्यवस्थेत प्रत्येकाच्या फाइलींची एक गोठविलेली प्रत क्षणात काढीत, ती सावकाश दुसऱ्या यंत्रावर नेत, आणि तेथून फितीवर उतरवीत. शिवाय ह्या मंडळींच्या ध्यानात आले होते की, फाइली परत मागावयास येणाऱ्यांपैकी पुष्कळांची स्वतःच्याच हातून फाइल पुसली गेलेली असते. तेव्हा ती गोठविलेली प्रत त्यांनी ज्याच्या त्याच्या कपाटातच उघडून ठेवली. चूक झाली तर चोवीस तासांच्या आत आपली आपण फाइल परत घ्यावी; कोणाची मनधरणी नको.

ह्या रचनेत दोन निरनिराळी कामे होती, हे कृपया ध्यानात ठेवा. घरातली चूक निस्तरण्यासाठी घरातलेच क्षणचित्र, आणि घरावरच संकट आले तर त्यासाठी बाहेर नेलेली फीत. क्षणचित्र ही बाहेरच्या प्रतीची पहिली पायरी होती; तिची जागा घेणारी वस्तू नव्हती. पुढील सगळा इतिहास म्हणजे ह्यांतील पहिली गोष्ट फार सोपी झाल्यामुळे दुसरीचा विसर कसा पडत गेला, ह्याची कहाणी आहे.

त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी 'प्लॅन नाइन' नावाची नवी प्रणाली रचीत होते. त्यांच्या फाइल-सर्व्हरची मूळ साठवण एकदाच लिहिता येणाऱ्या प्रकाशीय तबकड्यांवर होती. रोज पहाटे पाच वाजता सर्व दप्तराचे क्षणचित्र त्या तबकड्यांवर जाई आणि वर्ष, महिना, दिवस अशा नावाने कायमचे उपलब्ध राही. तेथे 'यस्टरडे', म्हणजे 'काल', ह्याच नावाची एक आज्ञा होती. फाइलीचे नाव सांगितले की तिचे कालचे रूप कोठे आहे ते ती दाखवी. त्या तबकड्यांवरील मजकूर पुसणे शक्यच नव्हते. हा गुण किती मोलाचा होता ते पुढे दिसेल.

क्षणचित्र प्रयोगशाळेतून बाजारात जोमाने आणले ते नेटअ‍ॅप ह्या कंपनीने. डेव्हिड हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम ह्या तिघांनी ती १९९२ साली कॅलिफोर्नियात काढली, आणि १९९४ साली आपल्या फाइल-व्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्या नावाचाच अर्थ 'कोठेही लिहा' असा होता. जुन्या जागी लिहिण्याचे बंधन नाही, जेथे कोरे पान असेल तेथे लिहा. कोणते पान कोणत्या क्षणचित्रास हवे आहे ह्याची खूण प्रत्येक पानासाठी ठेवलेली असे. त्या खुणांची जागा ठराविक, म्हणून एका वेळी वीसच क्षणचित्रे ठेवता येत. कचेरीतल्या माणसाने दुपारी चुकून पत्र पुसले तरी ठरल्या वेळी घेतलेल्या क्षणचित्रातून त्याने स्वतः ते उचलून घ्यावे, ही सोय आता विकत मिळू लागली.

वीसाची ही मर्यादा सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या 'झेडएफएस' ह्या व्यवस्थेने दूर केली. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स ह्यांनी तिचे काम २००१ साली सुरू केले आणि २००५ च्या अखेरीस ती लोकांपुढे आली. त्यांनी प्रत्येक पानाबरोबर त्याचा जन्मकाल नोंदविला. ह्या साध्या नोंदीमुळे खुणांच्या कोष्टकाची गरज उरली नाही आणि क्षणचित्रे हवी तितकी घेता येऊ लागली. पण त्याहून मोठा लाभ निराळाच. सोमवारनंतर जन्मलेली पाने कोणती, हे आता सगळी वही न चाळता कळू लागले. तेव्हा तेवढीच पाने वेचून दुसऱ्या गावच्या सर्व्हरकडे पाठवावी आणि तेथे सोमवारच्या वहीत बसवून मंगळवारची वही तयार करावी, अशी सोयही त्यांनी दिली. पिट्सबर्गच्या दोन कामांपैकी दुसरे, म्हणजे प्रत घराबाहेर नेण्याचे काम, इतके स्वस्त पूर्वी क्वचितच झाले असेल. लिनक्स प्रणालीसाठी ख्रिस मेसन ह्यांनी २००७ साली जाहीर केलेली 'बीटीआरएफएस' ही व्यवस्थाही ह्याच वळणाची आहे.

येथे एका रास्त आक्षेपाचा विचार केला पाहिजे. दिवाणजी एका खात्यातून रक्कम काढून दुसऱ्यात जमा करण्याच्या मध्येच असताना क्षणचित्र निघाले तर? तर चित्रात अर्धवट व्यवहारच दिसणार. ऐन क्षणी वीज गेल्यासारखी ती अवस्था असते. पण ह्याचा उपाय आपल्या पेढीवाल्यांस ठाऊक असलेलाच आहे. आधी रोजकीर्दीत नोंद, मग खतावणीत. संगणकातील मोठी खातेदप्तरेही असेच करतात. बदल प्रथम कीर्दीत लिहितात आणि वीज जाऊन आली की कीर्द वाचून खतावणी जुळवून घेतात. सी. मोहन ह्या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञांनी आयबीएममधील सहकाऱ्यांसह १९९२ साली ह्या पद्धतीची जी मांडणी केली ती प्रमाणभूत मानली जाते. अट एवढीच की, कीर्द आणि खतावणी दोन्ही एकाच क्षणाच्या चित्रात आल्या पाहिजेत. कीर्द दुपारची आणि खतावणी संध्याकाळची असेल तर हिशेब जुळणार नाही.

इतका वेळ मी युक्तीची थोरवी सांगितली. आता तिच्या मर्यादेचे तीन प्रसंग सांगतो.

पहिला प्रसंग ३१ जानेवारी २०१७ चा. गिटलॅब ही कंपनी जगभरच्या आज्ञावली-लेखकांची दप्तरे सांभाळते. त्या रात्री तेथील एक अभियंता दोन सर्व्हरांतील बिघाड निस्तरीत होता. आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत अशा समजुतीने त्याने माहितीचा सबंध कप्पा पुसण्याची आज्ञा दिली. तो सर्व्हर मुख्य निघाला. एकदोन सेकंदांत चूक ध्यानात येऊन त्याने हात आवरला. तेवढ्यात सुमारे तीनशे गिगाबाइटांपैकी साडेचारच उरले होते. मग प्रती शोधू लागले. रोज घेतली जाणारी प्रत कित्येक दिवस निघतच नव्हती, कारण प्रत काढणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची आणि दप्तर नव्या आवृत्तीचे होते. प्रत निघाली नाही असे कळविणारी पत्रे वाटेतच नाकारली जात होती. अखेर उपयोगी पडले ते एक क्षणचित्र. अपघातापूर्वी सुमारे सहा तास अगोदर एका अभियंत्याने अगदी निराळ्या कामासाठी ते घेऊन चाचणीच्या सर्व्हरवर नेले होते. त्यावरून दप्तर उभे राहिले. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीने ही सारी हकिगत न लपविता लोकांपुढे मांडली, हा तिचा मोठेपणा. क्षणचित्राने तारले, हे खरे. परंतु का तारले? ते दुसऱ्या यंत्रावर नेलेले होते म्हणून. आणि ते नेले गेले होते केवळ योगायोगाने.

दुसरा प्रसंग शत्रूचा. त्याच वर्षी मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. तो फाइलींस कुलूप घाली आणि किल्लीसाठी पैसे मागे. विंडोज प्रणालीत क्षणचित्रांस 'छायाप्रत' म्हणतात. ह्या विषाणूने त्या छायाप्रतीच पुसून टाकण्याची तजवीज ठेवली होती. घरात शिरलेल्या चोराच्या हाती तिजोरीची किल्ली लागली, तर तिजोरीतली प्रत कशी वाचणार? पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नोटपेट्या' आला. त्याचा मोठा तडाखा मेर्स्क ह्या डॅनिश जहाज कंपनीस बसला, आणि आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीत कोणास कोठे प्रवेश आहे हे सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते. प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याचा आरसा. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. पण आरसा बिंब तेवढे दाखवितो, स्मरण ठेवीत नाही. एकाबरोबर सगळेच गेले. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणे घाना देशातील एकच सर्व्हर वाचला. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्यावरील माहिती तारेने पाठविणे जमेना, म्हणून माणसाने हातोहात नायजेरियामार्गे इंग्लंडात पोहोचविली. चार हजार सर्व्हर नव्याने उभारावे लागले. बेल प्रयोगशाळेतील न पुसल्या जाणाऱ्या तबकड्यांचे मोल अशा वेळी कळते.

तिसरा प्रसंग अग्नीचा. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे ओव्हीएच कंपनीचे एक पाच मजली सर्व्हर-गृह जळून खाक झाले. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या त्यांचे निभावले. काहींच्या प्रती मात्र त्याच ठिकाणी होत्या. मूळ आणि प्रत दोन्ही एकाच आगीत गेल्या, आणि पुढे प्रकरणे न्यायालयात गेली.

ह्या तिन्ही प्रसंगांत क्षणचित्राच्या कल्पनेत दोष निघाला असे कोणी म्हणू नये. खाडाखोड न करण्याचा नियम उत्तमच आहे. त्याने आपल्या हातची चूक दुरुस्त होते, चालत्या दप्तराची खरी प्रत मिळते आणि ती दूर पाठविणे स्वस्त होते. परंतु कालची आणि आजची वही ज्या पानांवर सामाईक आहेत ती पाने एकाच कपाटात असतात. कपाट जळले की काल आणि आज एकदमच जळतात. क्षणचित्र घरात असेपर्यंत ती केवळ आठवण असते. ते घराबाहेर पोहोचते आणि तेथून परत आणून पडताळले जाते, तेव्हाच त्यास संरक्षण म्हणता येते.

पीटर क्रोग ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या पुस्तकात छायाचित्रे सांभाळण्यासाठी एक नियम रूढ केला: प्रती तीन असाव्या, दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक अन्य जागी असावी. छायाचित्रकारांकडून संगणकवाल्यांनी शब्द घेतला. हा नियमही त्यांनी त्यांच्याकडूनच घेतला, हे योग्यच झाले.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकजण सहकारी बँकांचे सभासद आहात, ग्रंथालयांच्या, शाळांच्या, गृहरचना संस्थांच्या समित्यांवर आहात. तेथे संगणकाचा खर्च मंजूर करताना तीन प्रश्न विचारा. त्यांसाठी यंत्रज्ञ असण्याची गरज नाही. आमच्या दप्तराची प्रत ह्या इमारतीबाहेर कोठे आहे? ज्या किल्लीने मूळ दप्तर पुसता येते, त्याच किल्लीने ती प्रतही पुसता येते काय? आणि ती प्रत परत आणून, उघडून, पान न् पान लागते की नाही हे शेवटचे कोणी आणि कोणत्या तारखेस पाहिले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा चटकन मिळतील. तिसऱ्यास उत्तर म्हणून नुसते 'प्रत रोज निघते' असे सांगण्यात आले, तर त्या तारखेचा आग्रह धरा, आणि ती इतिवृत्तात लिहून घ्या.